चप्पल डोक्यावर घेतली, पण पोरगा जावई म्हणून चालला नाही : शरण हरळय्यांची गोष्ट

बेल्लमपल्ली : तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तिन्ही मुलूख एकेकाळी हैदराबाद संस्थानात एकत्र नांदत होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि घरात वाटण्या व्हाव्यात तसं झालं. आदिलाबाद तेलुगू राज्यात, नांदेड मराठी मुलखात, बिदर कन्नड मुलखात. त्यातही आदिलाबादचे किनवट आणि राजुरा महाराष्ट्राकडे आले. २०१६ मध्ये आदिलाबादचेही तुकडे पडले आणि बेल्लमपल्ली मंचिर्याल जिल्ह्यात गेलं. गाव तेच, काझीपेट-बल्लारशा रेल्वे तीच, फक्त पाटी बदलली.

पाट्या बदलत राहतात, पण काही माणसं कुठल्याच पाटीत मावत नाहीत. शरण हरळय्या हे त्यांपैकीच एक. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये, ते पायताणं शिवायचे. कन्नड मुलखात त्यांचं नाव घराघरात आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडचा समगार समाज त्यांना आपला मूळपुरुष मानतो. आपल्या भागात मात्र बसवेश्वर सगळ्यांना माहीत, हरळय्या थोड्यांनाच. म्हणून ही हकीकत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हरळय्यांचं चरित्र आपल्यापर्यंत आलं ते पुराणांतून, काव्यांतून आणि तोंडी परंपरेतून. जुन्या ग्रंथांत मुख्यतः त्यांना झालेल्या शिक्षेचा प्रसंग येतो. पायताणांची आणि लग्नाची कथा पुढच्या काव्यांत आणि लोकांच्या तोंडी भरत गेली. तेव्हा यातलं काही इतिहास आहे, काही श्रद्धा आहे. पण आठशे वर्षं लोकांनी हीच गोष्ट का जपली, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

कल्याण नावाचं शहर

आज बसवकल्याण हे तालुक्याचं गाव. पण अकराव्या शतकात चालुक्यांनी इथं राजधानी आणली, तेव्हा दख्खनचा मोठा भाग इथून चालायचा. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात विज्ञानेश्वर पंडित होते. याज्ञवल्क्य स्मृतीवरची त्यांची मिताक्षरा ही टीका याच शहरात लिहिली गेली. बंगाल-आसाम सोडलं तर देशाच्या बहुतेक भागात हिंदूंच्या वारसाहक्काचे खटले पुढं शेकडो वर्षं याच ग्रंथाच्या आधारानं चालले.

विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याच्या नावावर मानसोल्लास हा ग्रंथ आहे, काळ ११२९ च्या आसपासचा. मराठी वाचकाला हा ग्रंथ वेगळ्या कारणानं ठाऊक असतो, कारण जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात. पण त्यात आणखी एक गंमत आहे. राजाने उपभोगायची सुखं त्यात एकेक करून सांगितली आहेत. घर, स्नान, विडा, वस्त्र, दागिने, आणि त्यांच्याच रांगेत पादुका. म्हणजे पायात काय घालावं, हा कल्याणच्या दरबारात शौकाचा विषय होता.

पायताणाला एवढा मान होता. ते करणाऱ्या हाताला मात्र नव्हता. कातडं कमावणारा, शिवणारा माणूस वस्तीबाहेर राहायचा. त्याची वस्तू राजवाड्यात जायची, तो वेशीबाहेरच थांबायचा.

चालुक्यांचा जोर ओसरला, तेव्हा त्यांचाच मांडलिक असलेल्या कलचुरी बिज्जळाने सत्ता हाती घेतली. ११५७ ते ११६२ या काळात हे घडलं. बिज्जळाचा जम मूळचा मंगळवेढ्याकडचा, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातला. बसवण्णाही आधी मंगळवेढ्यात त्याच्या पदरी होते, नंतर कल्याणला आले आणि खजिन्याचा कारभार पाहू लागले. मंगळवेढा म्हटलं की आपल्याला चोखोबा आठवतात. ते याच मातीत पुढं दीड-दोनशे वर्षांनी झाले.

कामाची माणसं एका मांडवाखाली

बसवण्णांच्या भोवती जी मंडळी जमली ती बघा. मडिवाळ माचय्या कपडे धुणारे. अंबिगर चौडय्या नाव चालवणारे. नुलिय चंदय्या दोर वळणारे. कक्कय्या कातडं कमावणारे. महाराष्ट्रातला ढोर समाज आजही त्यांचं नाव लावतो. अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांच्यासारखे तत्त्वज्ञ त्यांच्याच बरोबरीने बसायचे. या बैठकीला परंपरा अनुभव मंटप म्हणते.

तिथला नियम साधा होता. प्रत्येकाने आपलं काम मनापासून करायचं, त्याला ते कायक म्हणत. त्यातून जे मिळेल ते वाटून खायचं, त्याला दासोह म्हणत. काम हलकं-भारी नाही, माणूसही हलका-भारी नाही. आज हे वाचायला सोपं वाटतं. बाराव्या शतकात एका राजधानीत, राजाच्या खजिनदाराने हे उघडपणे करायचं, याला छाती लागत होती.

हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा या मंडळींत होते. काम चपला शिवण्याचं. हा धंदा दिसतो तेवढा सोपा नाही. कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात टाकायचं, म्हणजे केस सुटतात. मग खरवडून मांस काढायचं. मग बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या कुंडात ते कित्येक दिवस मुरू द्यायचं. वाळवायचं, तेल लावायचं, कुटायचं. त्यानंतर कुठं रापीनं तळ कापायचा आणि आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवायचा. पुरुष कापतो, बाई शिवते आणि वेणी घालते, अशी कामाची वाटणी या धंद्यात पुष्कळ घरांत दिसते. हरळय्यांच्या गोष्टीतही कल्याणम्मा मागं उभ्या नाहीत, बरोबरीने बसलेल्या आहेत. पुढं जे घडलं त्यातही अर्धा वाटा त्यांचा आहे.

एक नमस्कार जास्तीचा

गोष्ट एवढ्याशा प्रसंगावरून सुरू होते. रस्त्यात हरळय्यांना बसवण्णा भेटले. हरळय्यांनी हात जोडून नमस्कार केला. उलट बसवण्णांनी त्यांना एकाच्या जागी दोनदा नमस्कार केला.

आपल्याला वाटेल, यात काय मोठं? पण ज्या माणसाची सावली लोक टाळत होते, त्याला राज्याचा खजिनदार भर रस्त्यात वाकून नमस्कार करतो आणि तोही एक जास्तीचा. हरळय्या घरी आले ते अस्वस्थ होऊन. हा एक नमस्कार आपल्यावर कर्ज झाला, तो फेडायचा कसा? पैसा नाही, जमीन नाही. हातात आहे ती फक्त कला.

नवरा-बायकोने ठरवलं की बसवण्णांसाठी असं पायताण करायचं जे कुणी कधी केलं नसेल. जनावराचं कातडं त्यांना पुरेसं वाटेना. कथा सांगते की एका मांडीची कातडी हरळय्यांनी दिली, एका मांडीची कल्याणम्मांनी. ती कमावली, कापली, शिवली, त्यावर नक्षी केली. कन्नडमध्ये या जोडाला चम्मावुगे म्हणतात.

हे अक्षरशः घडलं का, या वादात पडायची गरज नाही. आपल्या भाषेत उपकार फार झाले की माणूस कातड्याचे जोडे करून घालण्याची गोष्ट करतो. आपण ते बोलून सोडून देतो. हरळय्यांच्या कथेत ते करून दाखवलं आहे. तेही अशा माणसाने, ज्याला कातडं कापायचं म्हणजे काय हे रोजच्या कामातून माहीत होतं. कारागिराच्या कृतज्ञतेचं यापेक्षा मोठं चित्र लोककथेला सुचलं नसेल.

तो जोड बसवण्णांसमोर ठेवला. त्यांनी तो पायात घातला नाही, उचलून डोक्यावर घेतला. एवढं मोठं दान पायात घालायची आपली पात्रता नाही, असं म्हणून त्यांनी तो आदराने परत दिला. ज्या वस्तूची जागा पायात, ती डोक्यावर गेली आणि वस्तूबरोबर ती करणाराही वर गेला. या गोष्टीतली पहिली उलथापालथ ही.

मधुवरसांची भेट

परत येताना वाटेत मधुवरस भेटले. जन्माने ब्राह्मण, बिज्जळाच्या दरबारातले वजनदार गृहस्थ. सुंदर पायताण बघून त्यांना मोह झाला. हरळय्या नको म्हणत असताना त्यांनी ते पायात घातलं. कथा सांगते की त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला, कातडी बिघडली, औषधं चालेनात. शेवटी ज्या पाण्यात हरळय्या कातडं भिजवायचे त्याच कुंडातल्या पाण्याने अंघोळ केली आणि ते बरे झाले.

चमत्कार बाजूला ठेवा आणि यात काय सांगितलंय ते बघा. त्या काळात जे पाणी अंगावर उडालं तरी लोक विटाळ मानत, तेच पाणी इथं औषध झालं. दरबारातल्या माणसाला बरं व्हायला चर्मकाराच्या दारात यावं लागलं. मधुवरस बदलले. ते शरणांच्या मांडवात येऊन बसले आणि दोन घरांचं येणं-जाणं सुरू झालं.

इथपर्यंत शहराने सगळं चालवून घेतलं. कुरबुर झाली असेल, पण चाललं. एकत्र बसणं, एकत्र जेवणं, एकमेकांना नमस्कार करणं. कठीण गोष्ट पुढं होती.

लग्न

हरळय्यांचा मुलगा शीलवंत. मधुवरसांची मुलगी लावण्यवती. दोन्ही घरांनी ठरवून हे लग्न लावलं. पळून जाऊन नाही, लपून नाही, शरणांच्या साक्षीने. दोघंही आता शरण, मग जात राहिली कुठं, असा सरळ हिशेब होता.

कल्याणमधल्या सनातन्यांना तो मान्य नव्हता. तक्रार बिज्जळाकडे गेली. शास्त्राच्या भाषेत वरच्या वर्णाची मुलगी आणि खालच्या वर्णाचा मुलगा म्हणजे प्रतिलोम. हा सगळ्यांत मोठा गुन्हा. ज्या शहरात मिताक्षरा लिहिली गेली, तिथल्या पंडितांना नियम तोंडपाठ असणार. बिज्जळ काही अडाणी राजा नव्हता. बसवण्णांना एवढी वर्षं त्याने सांभाळलं होतं. पण सत्ता नवी, ती बळकावलेली, आणि ज्यांच्या जोरावर ती टिकवायची तेच तक्रार घेऊन आलेले. राजाने बाजू निवडली.

हरळय्या आणि मधुवरस, दोघा व्याह्यांना शिक्षा झाली. त्यांचे डोळे काढले आणि हत्तीच्या पायाला बांधून त्यांना शहरातून फरफटत नेलं. काही कथनांत शीलवंतालाही त्यांच्याबरोबर मारलं. ब्राह्मण बाप आणि चर्मकार बाप, दोघांना एकच मरण आलं. जगताना जी बरोबरी द्यायला शहर तयार नव्हतं ती त्याने मरणात दिली.

त्यानंतर कल्याण उरलं नाही

या शिक्षेनंतर शहर पेटलं. बसवण्णा कूडलसंगमला निघून गेले, तिथंच त्यांचा शेवट झाला. शरण परंपरा सांगते की जगदेव आणि मल्लिबोम्म यांनी बिज्जळाला मारलं. जैन परंपरा बिज्जळाच्या मरणाची हकीकत वेगळी सांगते. काळ ११६७-६८ च्या आसपासचा. शरणांची पांगापांग झाली. चन्नबसवण्णांबरोबर काही जण वचनांचे गठ्ठे घेऊन कारवारकडच्या उळवीला पोचले. काही आपापल्या गावी गेले आणि गप्प राहिले.

पण गोष्ट गप्प राहिली नाही. आजच्या तेलंगणातल्या पालकुर्तीच्या सोमनाथाने तेलुगूत बसवपुराण लिहिलं. त्यावरून भीमकवीने १३६९ मध्ये कन्नडात लिहिलं. म्हणजे कन्नड मुलखातली ही हकीकत मोठ्या काव्यात आधी तेलुगूत आली, मग परत कन्नडात गेली. भाषांच्या भिंती घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्या काळात गिरीश कर्नाडांनी १९९० मध्ये तलेदंड हे नाटक लिहिलं, त्याच्या मध्यभागी हेच लग्न आहे. बसवकल्याणमध्ये हरळय्यांच्या नावाची गवी, म्हणजे गुहा, लोक आजही दाखवतात.

चप्पल जगभर गेली

हरळय्यांचा धंदा पुढं चालू राहिला. कोल्हापुरी चपलेचा इतिहास सांगताना बिज्जळ-बसवण्णांच्या काळाचा उल्लेख हमखास होतो. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ते एका राज्याला मिळालं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमाप्रश्नावर दोन राज्यं न्यायालयात भांडतात, पण चपलेवर त्यांची सही एकत्र आहे.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली आणि कुठंही कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपल्याकडे आरडाओरडा झाला, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरांची प्रेरणा मान्य केली. राग बरोबरच होता. वस्तू घेतली आणि करणाऱ्याचं नाव वगळलं, हा तो राग. पण हाच हिशेब आपण घरात लावतो का? ज्यांच्या हातची चप्पल अभिमानाने मिरवतो, त्या घरात आपली सोयरीक होते का?

कायदा बदलला, माणूस?

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी चर्मकारांच्या धंद्याला आधार दिला आणि त्यांनीच १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली. चप्पल आणि सोयरीक, दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कळल्या होत्या. ब्रिटिश मुलखात मात्र प्रतिलोम लग्न न्यायालयं अवैध ठरवत होती; मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ मध्ये तसा निकाल दिला होता. १९४९ च्या हिंदू विवाह वैधता कायद्याने जातीच्या कारणावरून लग्न अवैध ठरवण्याची वाट बंद केली. पुढं १९५४ चा विशेष विवाह कायदा आला, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. शीलवंत आणि लावण्यवतीचं लग्न देशाच्या कायद्यात बसायला जवळपास आठशे वर्षं लागली.

आणि तरीही २०१८ साली तेलंगणातल्याच मिर्यालगुड्यात, वरच्या जातीच्या मुलीशी लग्न केलेल्या एका दलित तरुणाला दवाखान्याच्या दारात, गरोदर बायकोच्या डोळ्यांदेखत तोडून मारलं. सुपारी दिल्याचा आरोप मुलीच्या बापावरच आला. मार्च २०२५ मध्ये नलगोंड्याच्या न्यायालयाने एकाला फाशी आणि सहा जणांना जन्मठेप सुनावली. महाराष्ट्रातही अशा घटना घडल्या आहेत, कुणी कुणाला नावं ठेवू नयेत.

फरक एवढाच की कल्याणमध्ये दोन्ही बाप एका बाजूला होते आणि राजा दुसऱ्या बाजूला. आज कायदा लग्नाच्या बाजूला आहे आणि बाप उलट्या बाजूला उभा राहतो. मधुवरसांनी पोरीसाठी डोळे गमावले, जीव दिला. हरळय्यांच्या नावाबरोबर त्यांचंही नाव घ्यायला हवं ते यासाठी.

सीमाभागातली माणसं तीन भाषा बोलतात. बेल्लमपल्लीच्या बाजारात तेलुगूत भाव होतो, मराठीत गप्पा होतात, उर्दूत हिशेब होतो. एवढं मिसळणं आपल्याला जमलंय. घराच्या उंबऱ्याशी आलं की मात्र आपण थांबतो. हरळय्या त्या उंबऱ्यावरून आत गेले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. बसवजयंतीला मिरवणूक निघते, फोटोला हार पडतो. त्या फोटोशेजारी एक जोड पायताण ठेवायला हरकत नाही. आणि पुढच्या वेळी घरात पोरा-पोरीचं स्थळ निघेल, तेव्हा जात विचारायच्या आधी हरळय्या-मधुवरस या दोन व्याह्यांची आठवण काढायलाही हरकत नाही.